ऋजुताबाईंना सांग

हैबतरावांचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या मासळी बाजारात एका कोळणीशी हुज्जत घालत होते. रविवारची सकाळ, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, आणि फोन खांदा नि कान यांच्या चिमटीत. "बाई, आभार मानायला फोन केला," ते म्हणाले. हैबतराव म्हणजे पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्याचे मालक. पेणच्या ज्या शाळेत मी सहावीला शिकवते तिथल्या निम्म्या पोरांचे आईबाप त्यांच्याकडे कामाला असतात, त्यामुळे ओळख होती, पण आभार मानण्याइतकी नव्हती. तसे मला आभार मानायला सहसा कोणी फोन करतच नाही. मी विचारलं, कसले आभार? "तुमचा मेसेज वाचला काल. बरा झाला, येळेवर कलला. नायतर मंडळाच्या मोठ्या मूर्तीची आखनी मी जितेशच्याच अंगावर टाकनार व्हतो. त्याचा हात थरथरतोय, डोले त्याची बायको लिवतेय, आनि मालकाला पत्ता नाय! तुमी सांगितलात म्हनून." मी म्हटलं, मी कुठे काय सांगितलं? "तुमचाच फोटो हाय की वर. हसताय पन छान," हैबतराव म्हणाले आणि समोरून कोणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला. कोळीण म्हणाली, "ताई, घेतेस का नाय? हात अवघडला माझा." मी तिने सांगितलेल्या भावात कोळंबी घेतली, पिशवीत टाकली आणि गाडीची किल्ली पर्समध्ये शोधत राहिले. किल्ली हातातच होती.

आमचं वरसे गाव येईपर्यंत माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं हे मला घराच्या फाटकाशी आल्यावर कळलं. कुंडलिकेचा पूल कधी गेला, स्टेशनचं वळण कधी गेलं, काही आठवत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट होती : जितेशचा हात थरथरतो हे मला माहीतच नव्हतं. माहीत नसलेली गोष्ट मी सांगितली कशी? जितेश म्हणजे माझ्या वर्गातल्या सरूचा बाप. धरमतरच्या खाडीकडच्या गावातला माणूस, पण लहानपणापासून कारखान्यात वाढलेला. गणपती घडतो, सुकतो, रंगतो, आणि सगळ्यात शेवटी त्याचे डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात. ते काम सगळ्यांना देत नाहीत. एकेका कारखान्यात एखाद-दुसरा हात असतो तसा, आणि गिऱ्हाइकं तो हात मागून घेतात. दोन वर्षांपूर्वी मी पोरांची सहल म्हणून त्या कारखान्यात नेली होती तेव्हा जितेशला आखणी करताना पाहिलं होतं. ब्रश टेकवताना तो श्वास धरायचा, आणि त्याच्या भोवतीची माणसं आपोआप हळू बोलायची. माझ्या वर्गातली वांड कार्टीसुद्धा गप्प उभी होती, जी राष्ट्रगीतालाही गप्प राहत नाहीत. त्या हाताचं असं झालं होतं आणि ते मी म्हणे मालकाला कळवलं होतं. मला आधी वाटलं, हैबतराव कोणा दुसऱ्या बाईंना फोन लावायला गेले आणि मला लागला. पण फोटो माझा होता.

फोटो म्हटल्यावर मला ते उमलू आठवलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. उमलू हे अ‍ॅप आहे. मागच्या जूनमध्ये एका कंपनीने आमच्या शाळेला टॅब फुकट दिले, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूचं मन आमची संस्था कधीच मोडत नाही. टॅबवर गणितं, धडे, चित्रं, मधूनमधून टाळ्या वाजवणारं एक पिवळं अस्वल. आणि एका कोपऱ्यात गोल बटण, त्यात वर्गशिक्षिकेचा फोटो, खाली लिहिलेलं : 'ऋजुताबाईंना सांग'. मनातलं बोलायची जागा, असं कंपनीचा अमोल नावाचा मुलगा प्रशिक्षणात म्हणाला होता. पोरं बाईंसमोर लाजतात, मशीनसमोर लाजत नाहीत. मला ते शाळेच्या व्हरांड्यातल्या तक्रारपेटीसारखं वाटलं होतं, जिच्यात आजवर चॉकलेटचे कागद सोडून काही निघालेलं नाही. म्हणून मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला वेळ तरी कुठे होता? हजेरी अपलोड करा, पोषण आहाराचे फोटो अपलोड करा, वाचनाची पातळी अपलोड करा. मी शिक्षिका आहे की हमाल, हे मला हल्ली संध्याकाळपर्यंत कळत नाही.

कोळंबी ओट्यावर काढून तशाच हाताने मी फोनवर अ‍ॅप उघडलं. सरूच्या नावावर बोट ठेवलं. गणित, मराठी, विज्ञान, हजेरी. 'मनातलं' वर बोट ठेवलं तर पाटी आली : 'विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेसाठी हा अहवाल शिक्षकांना दिसत नाही. तो फक्त पालकांना पाठवला जातो.' मी ती पाटी पुन्हा वाचली. मग मी हैबतरावांनाच मेसेज केला की तुम्हाला काय आलंय ते मला पाठवा. त्यांनी लगेच पाठवलं, वर दोन हात जोडलेले. सगळ्यात वर माझा फोटो, शिक्षकदिनाचा, मोरपंखी साडीतला. खाली फुलांचा गुच्छ आणि मजकूर : 'अभिनंदन! सरूने या आठवड्यात मोकळेपणाने संवाद साधला. वडिलांच्या हाताच्या थरथरीमुळे ती चिंतित आहे. वडिलांच्या जागी आई डोळे रेखाटते ही बाब गुप्त ठेवण्याचा तिच्यावर ताण आहे. प्रिय पालक, तिच्याशी प्रेमाने बोला.' प्रिय पालक! हैबतराव! मी कपाळावर हात मारला तो कोळंबीचा होता.

पण त्यात नवल काही नव्हतं, आणि राग येण्याचं खरं कारण तेच होतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांचे पालक कागदोपत्री हैबतरावच आहेत. जितेशसारख्यांचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो, फोन कधी रिचार्जविना पडलेला, कधी धाकट्या भावाकडे. कारखान्याचा नंबर मात्र वर्षानुवर्षं तोच. गॅस आला की त्या नंबरवर, दवाखान्याचा निरोप त्या नंबरवर, शाळेची फी त्या नंबरवर. हैबतराव हाक मारून सांगतात, "ए शांती, तुझा सिलिंडर आलाय गो." इतकी वर्षं हे छान चाललं होतं. आमच्या शाळेत नाव घालताना शांतीने 'पालकाचा मोबाईल' या रकान्यात कारखान्याचा नंबर सांगितला, कारण कोणालाही भेटायचं तर तिथेच. तिला काय माहीत, की पुढे कोणी तिच्या पोरीच्या पोटातलं काढून त्या नंबरवर घालणार आहे. आणि कंपनीला काय माहीत, की पेणमध्ये पालक हा शब्द असाही वापरतात. कोणाला काही माहीत नव्हतं आणि सगळ्यांना सगळं कळलं होतं.

विराज, माझा नवरा, शिफ्ट संपवून आला, त्याने बूट काढता काढता सगळं ऐकलं आणि म्हणाला, "ऋजू, आपल्या इथे कोणाचं काय लपतं? तू कोळंबी आणलीस हे आत्तापर्यंत अख्ख्या वरशाला माहीत असेल." तो धाटावच्या एका केमिकल कंपनीत आहे, तिथे गळती झाली की भोंगा वाजतो, त्यामुळे भोंगा वाजत नाही तोवर सगळं ठीक आहे असं त्याचं मत असतं. मी त्याच्यावर खेकसले. म्हणाले, वरशाला कोळंबी माहीत असणं वेगळं. तो म्हणाला, "वेगळं कसं?" आणि मला नीट सांगता येईना, त्याचा आणखी राग आला. मी कोळंबी सोलत बसले. वेगळं आहे हे माझ्या बोटांना कळत होतं, तोंडाला कळत नव्हतं. खरं तर ते मला चौथीपासून माहीत होतं. चौथीला मी रोह्यातच होते आणि वत्सलाबाई आमच्या वर्गाला होत्या. त्या वर्षी आमच्या घरात आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. का ते मला आजही धड माहीत नाही. बाबांना, म्हणजे दामोदर मास्तरांना, सगळं रोहे ओळखायचं, रस्त्यात चार माणसं नमस्कार करायची, आणि घरात आल्यावर ते आईशी माझ्यामार्फत बोलायचे. "आईला सांग, मला भूक नाही." "बाबांना सांग, पान वाढलंय." दोन खोल्यांचं घर, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं, तरी मी मधल्या दारात उभी राहून निरोप पोचवायची. कधी कधी मी निरोप जरा गोड करून सांगायची. मग दोघेही माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की मला रडू यायचं.

एकदा गणितं झाली नाहीत म्हणून वत्सलाबाईंनी मला थांबवून घेतलं, आणि मी त्यांना हे सगळं सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. त्यांच्या पदराला खडूचा वास होता आणि त्या हातातली छडी टेबलावर ठेवत होत्या एवढं आठवतं. ऐकून त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच. डोक्यावर हात नाही, शहाणी गं माझी नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर फळा पुसायचं काम माझ्याकडे आलं. फळा झाला की नकाशे गुंडाळ, नकाशे झाले की शाई भर. मला वाटायचं, बाई मला राबवून घेतात. मी घरी उशिरा पोचायची तेव्हा बाबा बाहेर गेलेले असायचे आणि निरोप पोचवायला उरायचे नाहीत. त्या मला राबवत नव्हत्या हे कळायला मला स्वतः मास्तरीण व्हावं लागलं. गल्लीत सगळ्यांना आमच्या घरातलं माहीत असणारच, दोन खोल्यांत किती लपणार. पण ते ज्याने त्याने आपापल्या घरात ठेवलं होतं. वत्सलाबाईंनी ते उचललं, फळ्याच्या मागे ठेवलं आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. मी हे विराजला सांगायला तोंड उघडलं, तर तो सोफ्यावर झोपला होता.

एसटीत नागोठण्यापर्यंत मला रोज झोप लागते, त्या सोमवारी लागली नाही. पुढे महामार्गाच्या खड्ड्यांत कोणालाच लागत नाही. सरू वर्गात होती. तिसऱ्या बाकावर, भिंतीकडे. एरवी ही पोरगी बडबडी; हजेरी घेताना 'हजर' म्हणायच्या ऐवजी "हाय ना बाई, ही काय!" म्हणणारी. त्या दिवशी तिचं नाव घेतलं तर तिने फक्त हात वर केला. कविता म्हणायला उठवलं तर उभी राहिली आणि उभीच राहिली. मधल्या सुट्टीत मी जवळ गेले तर डबा घेऊन उठून गेली. शेजारची नम्रता म्हणाली, "ती कोनाशीच बोलत नाय बाई. शनवारपासून." मंगळवारी ती आलीच नाही. मी मोठ्या सरांकडे गेले. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. प्रत्येक गोष्टीत दुसरी बाजू बघायची त्यांना सवय आहे, पहिली बाजू बघायच्या आधीच. ते म्हणाले, "पण बाई, एका अर्थी चांगलंच झालं ना? ताण कळला मुलीचा." मी म्हटलं, कोणाला कळला? ते म्हणाले, "कळणं महत्त्वाचं." मग म्हणाले, लेखी द्या. मग म्हणाले, लेखी नको, उगाच संस्थेपर्यंत जाईल, टॅब परत नेतील. मी हेल्पलाईनला फोन लावला. हेल्पलाईनवरही अस्वल होतं. ते टाळ्या वाजवून म्हणालं की तुमचा प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि मग बासरी लावली. वर्गात आवाज वाढत होता, कानाशी बासरी वाजत होती, आणि मला कोणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटत होती. पण समोर थोबाडच नव्हतं.

शेवटी अमोल आला. स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, बोलताना सारखं 'मॅडम' म्हणणारा सालस मुलगा. त्याच्यावर ओरडायचं मी ठरवून ठेवलं होतं आणि त्याने चहा नको, साखर बंद केलीय म्हटल्यावर माझं निम्मं अवसान गेलं. मी म्हटलं, ते जे काय सरूने सांगितलंय ते पुसून टाका. तो म्हणाला, पुसण्याची विनंती पालकाने करायची असते, मॅडम, पालकाच्या नंबरवर ओटीपी जातो. "पालकाच्या म्हणजे हैबतरावांच्या." "जो रजिस्टर्ड असेल त्यांच्या." मी म्हटलं, आणि समजा त्यांनी केली विनंती, तर पुसलं जाईल? तो म्हणाला, रेकॉर्डिंग जातं, पण सिस्टीम त्यातून जे शिकलेली असते ते परत कसं काढणार? "पण मॅडम, तुम्ही एकदा ऐका तरी. इतकं सुंदर संभाषण मी फार कमी शाळांमध्ये ऐकलंय. आम्ही डेमोला दाखवणार होतो, अर्थात नाव बदलून." आणि मी नको म्हणायच्या आत त्याने लॅपटॉपवर बटण दाबलं.

आधी वर्गातला गोंगाट आला, मग सरूचा श्वास. मग एक बाई म्हणाली, "सरू, राणी, आज गप्प का गं? माझ्याशी बोल ना." मी दाराकडे पाहिलं. मला वाटलं आत कोणी आलं. तो आवाज माझा होता. माझा म्हणजे माझाच. 'ना' जरा लांबवायची माझी खोड, सर्दी असल्यासारखं माझं नाक, सगळं. प्रशिक्षणाच्या दिवशी अमोलने आम्हा सगळ्या बायकांकडून काही वाक्यं वाचून घेतली होती, स्वागताचा संदेश करायचाय म्हणून. मी दोनदा वाचली होती, पहिल्यांदा चांगली आली नाही म्हणून. हौसेने. आता तो आवाज विचारत होता, "मग काय झालं?" आणि सरू सांगत होती. बाबांचा हात थरथरतो. जेवताना डाळ सांडते. बाबा मूर्तीसमोर ब्रश घेऊन बसतात, धूळ येते म्हणून प्लास्टिक ओढून घेतात, आणि आत आई डोले लिवते. आई पुढे वाकली की बाबा तिच्या पाठीवर हात ठेवून डोले मिटतात. "मग तुला कसं वाटतं, राणी?" माझ्या आवाजाने विचारलं. "मना भ्या वाटतं. कोनी प्लास्टिक उघडला तर?" सरू म्हणाली. "कोनाला सांगू नका बाई." आणि मी, म्हणजे ती, अगदी मायेने म्हणाली, "नाही गं. मी कोणाला नाही सांगणार."

अमोलने थांबवलं. माझ्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "ते प्रॉमिस नसतं, मॅडम. मूल मोकळं व्हावं म्हणून सिस्टीम तसं वाक्य तयार करते." मी म्हटलं, मी आयुष्यात कोणत्याही पोराला राणी म्हटलेलं नाही. तो म्हणाला, तेही सिस्टीमच ठरवते. मी म्हटलं, माझा आवाज तुम्ही कोणाला विचारून बोलायला लावलात? त्याने टॅबवर माझं नाव काढून दाखवलं. खाली 'मी सहमत आहे', त्यापुढे हिरवी खूण. मीच केलेली असणार. अशा खुणा मी दिवसभर करतच असते. मला तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली आणि ती गिळता येईना. जूनमध्ये सरू माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची. "बाई, येक सांगू?" मी हजेरी चढवत असायची, अपलोडचं ते चक्र गोल फिरत असायचं. "नंतर हं सरू." ती तरी उभीच. एकदा मी वैतागून म्हणाले होते, "अगं, टॅबवर सांग ना, तिथे आहे की मी." अमोल लॅपटॉप पिशवीत भरत होता आणि सांगत होता की फीडबॅक नक्की वर पोचवतो. मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. ओरडायला मी तोंड उघडलं असतं तर कोणता आवाज निघाला असता याची मला खात्री वाटेना.

शाळा सुटल्यावर मी रिक्षा करून कारखान्यात गेले. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना पांढरे गणपती, हॅलोजन लावून सुकत ठेवलेले, एकालाही डोळे नाहीत. हैबतरावांनी खुर्ची पुसून दिली. ओटीपी मागितला तर म्हणाले, "घ्या की, त्यात काय," आणि चष्मा कपाळावर चढवून आकडे मोठ्याने वाचले. मी ते टाकले. विनंती मिळाली, यथावकाश कळवू, असं अस्वलाने सांगितलं. मी हैबतरावांना म्हटलं, जितेशला काढू नका. ते दुखावले. "काढला कुठं? घासकामाला बसवलाय. मंडळवाले म्हनाले, आमाला जितेशचा हात पायजे, तो नसंल तर दुसऱ्या कारखान्यान जातो. गेले. शांतीचा हात चांगला हाय, मी काय आंधला नाय. पन त्यांनी नाव जितेशचा ऐकलाय." मग आवाज खाली करून म्हणाले, "बाई, खरा सांगू? मला नस्ता कलला तर बरा झाला अस्ता. कलल्यावर मालकाला कायतरी करावा लागतो." ते माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी त्यांच्यावर चिडायला आले होते आणि तिथेही कोणी सापडेना.

जितेश शेडच्या टोकाला पाटावर बसून पॉलिश पेपरने एका मूर्तीचं पोट घासत होता. मला बघून उठायला लागला, मी बस म्हटलं. तो म्हणाला, "हिते हात थरथरला तरी चालतो, बाई. उलट बरा घासला जातो." आणि हसला. हसला नसता तर मला सोपं गेलं असतं. शांती पलीकडे एका रांगेच्या मुकुटांना सोनेरी रंग देत होती. तिने ब्रश वाटीवर आडवा ठेवला आणि माझ्याजवळ आली. मी सगळं एका दमात सांगितलं, की ती मी नव्हते, की मशीन माझ्या आवाजात बोलतं, की मेसेज मी पाठवला नाही, की मला तो दिसतसुद्धा नव्हता. ती ऐकत होती, पण तिला त्यात फार रस नव्हता. "तुमच्यावर राग नाय, बाई. तिनं शेजारनीला सांगितला अस्ता तर मी तिला हानली अस्ती. तिनं बाईंना सांगितला. बाईंना नाय सांगायचा तर कोनाला सांगायचा पोरीनं?" मग ती पदराने बोटांचा सोनेरी रंग पुसत म्हणाली, "कामाचा काय, काम येल नायतर जाल. पन ती घरान पन बोलत नाय. जेव म्हटला तर जेवते, झोप म्हटला तर झोपते. बापानं मांडीवर घेतली तरी गप. तिला बोलती करा बाई. तेवढा करा."

सरू उंच मूर्तींच्या मागे, भिंतीला टेकून, पाण्याच्या वाटीत ब्रश धूत बसली होती. पाणी सोनेरी झालं होतं तरी ती तेच ब्रश पुन्हा पुन्हा बुडवत होती. मी तिच्यासमोर एक डबा उपडा घालून बसले. पर्स मुद्दाम लांब, जितेशच्या पाटाशी ठेवून आले होते, फोनसकट. म्हटलं, "सरू, टॅबमध्ये तुझ्याशी बोलायची ना, ती मी नव्हते." तिने मान न उचलता सांगितलं, "ठावं हाय." मी चमकले. तिचा आवाज ऐकून आधी जीव भांड्यात पडला, आणि मग तिने काय म्हटलं ते कळलं. "कसं गं ठाऊक?" "तुमी राणी नाय बोलत." मी म्हटलं, मग ठाऊक होतं तर तिला का सांगितलंस? सरूने ब्रश वाटीच्या कडेवर निथळला. "ती इचारायची," ती म्हणाली.

शेडमध्ये कुठेतरी पंखा फिरत होता, घासण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता मी विचारायचं. विचारायला तर आले होते. तिच्या आईने हात जोडल्यासारखं तेवढं एकच मागितलं होतं, आणि मला पोरांशी बोलता येत नाही असं कोणी आजवर म्हणालेलं नाही. मी मनात वाक्य जुळवलं, ते त्या आवाजात ऐकलेलं निघालं. 'काय झालं', तेही. 'मला सांग', तेही. 'तुझी काही चूक नाही' म्हणावं तर तेही त्या यंत्राने कोणा ना कोणा पोराला कुठेतरी म्हणून टाकलेलं असणार, माझ्यापेक्षा गोड, माझ्याच नाकातून. नुसतं 'बरं' म्हणायला तिने आधी काही सांगितलेलं असायला हवं होतं. ती वाट बघत होती की नव्हती, मला कळेना. आणि मग मला दम निघाला नाही. मी पुढे वाकून म्हणाले, "बोल ना सरू. मी कोणाला नाही सांगणार."

तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळ्यांकडे नाही, माझ्या ओठांकडे. नीट पाहिलं, मग नजर खाली घेतली. "काय नाय झाला, बाई," ती म्हणाली, आणि वाटी उचलून पाणी बदलायला गेली.